चुकीच्या विमानतळावरील अवतरण

चुकीच्या विमानतळावरील अवतरण म्हणजे ठरलेल्या विमानतळाऐवजी जवळच्याच दुसऱ्या विमानतळावर किंवा हवाई पट्टीवर वैमानिकाने नकळत विमान उतरविणे. खराब हवामान, इंधनाची कमतरता किंवा तांत्रिक बिघाड यांमुळे जाणीवपूर्वक अन्यत्र वळविलेले उड्डाण या व्याख्येत येत नाही. आपण योग्य ठिकाणीच उतरत आहोत अशी वैमानिकाची शेवटच्या क्षणापर्यंत खात्री असणे, हे या घटनेचे मुख्य लक्षण होय. विमान सुस्थितीत असते, यंत्रणा चालू असतात, हवामानही बहुधा चांगलेच असते. चूक असते ती केवळ ओळख पटविण्यात.

भारतातील या प्रकारची सर्वांत परिचित उदाहरणे मुंबईतील जुहू विमानतळावरची आहेत. १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे (बीओएसी) कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. पहिले विमान काही दिवसांनी सुखरूप परत उडाले. दुसरे पुन्हा कधीही उडाले नाही.

जुहू आणि सांताक्रूझ

जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले व तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा इतिहास सांगताना जुहूचे नाव प्रथम येते ते या उड्डाणामुळे. मात्र समुद्रालगतच्या सखल जमिनीवरील हा विमानतळ पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होत असे आणि त्या काळात टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला सांताक्रूझ येथील तळ युद्धानंतर नागरी वापरासाठी खुला झाला आणि मोठी प्रवासी विमाने तिकडे गेली. जुहू बंद मात्र झाले नाही. फ्लाइंग क्लबची लहान विमाने आणि पुढे हेलिकॉप्टर यांच्यासाठी ते वापरात राहिले.

अशा रीतीने एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दाराशीच त्याचा जुना, लहान भाऊ उभा राहिला. दोन्ही विमानतळांच्या मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. पायी चालणाऱ्याला ते बरेच वाटेल. उतरण्याच्या वेगात असलेले जेट विमान मात्र ते एका मिनिटाच्या आत कापते. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९/२७ आणि जुहूची ०८/२६ या क्रमांकाने ओळखली जाते, म्हणजे दोन्ही जवळपास पूर्व-पश्चिम आहेत. अरबी समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्या विमानाला आधी जुहूचा किनारा, लगेच जुहूची धावपट्टी, मग स्वामी विवेकानंद मार्ग व पश्चिम रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे सांताक्रूझचा विमानतळ असा क्रम दिसतो. समुद्र संपताच समोर एक धावपट्टी दिसावी अशी अपेक्षा असते आणि ती दिसतेही. फरक आहे तो लांबीचा. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून अधिक लांब आहे, तर जुहूची केवळ १,१४३ मीटर.

१९५३: कॉमेट

कॉमेट हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान. त्याची नियमित सेवा २ मे १९५२ रोजी लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर सुरू झाली व लवकरच भारतमार्गे पूर्वेकडेही ते जाऊ लागले. १५ जुलै १९५३ रोजी, ऐन पावसाळ्यात, असे एक कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. त्या लहान पट्टीवर ते थांबू शकले, हे त्या विमानातील प्रवाशांचे नशीबच म्हणावे लागेल.

उतरविलेले विमान पुन्हा बाहेर काढणे हे वेगळेच काम होते. जेट विमानाला उड्डाणासाठी लांब धाव लागते, आणि सुरुवातीच्या काळातील जेट इंजिनांचा जोर उष्ण हवेत विशेष कमी पडत असे. अशा वेळी प्रवासी व सामान उतरवून, इंधन अगदी जरुरीपुरते ठेवून विमान शक्य तितके हलके करतात आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहतात. हे कॉमेट सुमारे नऊ दिवसांनी जुहूहून उडाले. जुहू ते सांताक्रूझ हा प्रवास लोकलच्या एका स्थानकाच्या अंतराएवढा आहे, हे लक्षात घेतले की या नऊ दिवसांचे महत्त्व कळते.

१९७२: जपान एअर लाइन्सचे उड्डाण ४७२

दुसरी घटना अधिक गंभीर ठरली. जपान एअर लाइन्सचे उड्डाण ४७२ लंडनहून टोकियोकडे निघाले होते. फ्रँकफर्ट, रोम, बैरुत, तेहरान, मुंबई, बँकॉक आणि हाँगकाँग असे थांबे घेत जाणारा हा त्या काळातील नेहमीचा लांब पल्ल्याचा मार्ग होता. विमान डग्लस डीसी-८-५३ जातीचे, चार इंजिनांचे होते. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी तेहरानहून मुंबईला पोहोचताना ते सांताक्रूझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर उतरले.

त्या आकाराच्या विमानाला १,१४३ मीटरची पट्टी पुरणे जवळजवळ अशक्य होते. धावपट्टी संपली तरी विमान थांबले नाही व पुढच्या जमिनीत घुसले. विमानात प्रवासी व कर्मचारी मिळून १२२ जण होते. काही जण जखमी झाले, परंतु एकही मृत्यू झाला नाही. विमानाचे नुकसान मात्र इतके झाले की ते दुरुस्त करणे परवडणारे नव्हते आणि ते मोडीत काढण्यात आले.

या घटनेला एक काळी पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी १४ जून रोजी याच कंपनीचे उड्डाण ४७१, म्हणजे याच मार्गावरून उलट दिशेने जाणारे विमान, दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना कोसळले होते आणि त्यात ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे आणखी एक डीसी-८ मॉस्कोहून उड्डाण करताना कोसळले. एका वर्षातील तीन अपघातांपैकी जुहूचा अपघात जीवितहानीविना पार पडल्यामुळे तो कमी लक्षात राहिला. जुहूच्या परिसरातील वस्ती पाहता, विमान आणखी थोडे वेगात किंवा थोडे तिरके असते तर ही नोंद वेगळ्या प्रकारे करावी लागली असती.

चूक कशी घडते

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा दहाने भागून येणारी संख्या. ०९ म्हणजे सुमारे ९० अंश, थेट पूर्व; त्याच पट्टीचे दुसरे टोक २७, म्हणजे पश्चिम. विमाने शक्यतो वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात, म्हणून धावपट्टीची दिशा त्या प्रदेशातील नेहमीच्या वाऱ्यावरून ठरते. परिणामी एकाच प्रदेशातील धावपट्ट्या एकमेकींना बऱ्याच अंशी समांतर असतात. पश्चिम किनारा व त्यालगतच्या घाटमाथ्यावर हे स्पष्ट दिसते. मुंबई ०९/२७, गोव्यातील दाबोळी ०८/२६, बेळगावजवळील सांबरा ०८/२६, आणि कोल्हापूरहून कागलकडे जाताना महामार्गाजवळ उजळाईवाडी येथे असलेल्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळाची धावपट्टी ०७/२५. पावसाळी पश्चिमी वाऱ्यांनीच जणू या सगळ्या पट्ट्या आखून दिल्या आहेत. त्यामुळे होकायंत्रातील दिशा तपासली तरी, जवळ दोन विमानतळ असल्यास, चूक उघड होईलच असे नाही. दहा अंशांचा फरक तर आडव्या वाऱ्यामुळे विमानाचे नाक थोडे वळलेले असतानाही पडतो.

दुसरे कारण दृश्य पद्धतीने उतरण्याचे. हवामान स्वच्छ असल्यास वैमानिक धावपट्टी दिसत असल्याचे कळवितो आणि नियंत्रक त्याला नजरेच्या आधारे उतरण्याची परवानगी देतो. यात वेळ व इंधन वाचते. मात्र ‘धावपट्टी दिसली’ या वाक्यात कोणती धावपट्टी हे सांगितलेले नसते. एकदा नजर चुकीच्या पट्टीवर स्थिरावली की त्यापुढची प्रत्येक खूण तिच्याशीच जुळवून घेतली जाते. विमान नेहमीपेक्षा उंच वाटले तर वैमानिक उतार वाढवितो. पट्टी अरुंद दिसली तर आपण अजून दूर आहोत असे समजतो. मानसशास्त्रात याला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात. लांबच्या प्रवासानंतरचा थकवा, उगवत्या सूर्याकडे तोंड असणे, किनाऱ्यावरील धुरकट हवा यांनी त्यात भर पडते.

उंचीचा हिशेब येथे उपयोगी ठरतो. प्रवासी विमाने साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतात, म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर खाली उतरतात. धावपट्टीपासून दोन किलोमीटर अलीकडे विमान शंभर मीटरहून थोडे अधिक उंच असायला हवे. वाटेत दुसरा विमानतळ असेल आणि विमान त्यावर उतरू लागले असेल, तर उपकरणे ते ठरलेल्या उतारापेक्षा खाली गेल्याचे दाखवितात. अट एवढीच, की कोणीतरी त्या वेळी उपकरणांकडे पाहत असले पाहिजे. दोन वैमानिकांपैकी एकाने बाहेर व दुसऱ्याने आत पाहावे हा नियम त्यासाठीच आहे. दोघेही काचेतून एकाच पट्टीकडे पाहू लागले की तो मोडतो.

अन्य देशांतील घटना

लंडनमध्येही जुहू-सांताक्रूझसारखीच जोडी आहे. हीथ्रोच्या उत्तरेस नॉर्थोल्ट हा हवाई दलाचा तळ आहे. २५ ऑक्टोबर १९६० रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग ७०७ हीथ्रो समजून नॉर्थोल्टला उतरले. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर गॅसच्या उंच टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांचा खूण म्हणून वापर करीत. पुढे साउथॉल येथील टाकीवर हीथ्रोची व साउथ हॅरो येथील टाकीवर नॉर्थोल्टची अक्षरे भल्या मोठ्या आकारात रंगविण्यात आली. इतका स्वस्त आणि इतका सरळ उपाय विमानवाहतुकीत क्वचितच सापडतो.

२९ मार्च २००६ रोजी लिव्हरपूलहून उत्तर आयर्लंडमधील डेरीला जाणारे रायनएअरचे उड्डाण काही किलोमीटर अलीकडच्या बॅलीकेली येथील लष्करी छावणीच्या पट्टीवर उतरले. हे विमान एअरजेट या कंपनीकडून चालविले जात होते.

अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात लागोपाठ तीन गाजलेल्या घटना घडल्या. २० जुलै २०१२ रोजी हवाई दलाचे प्रचंड सी-१७ मालवाहू विमान फ्लोरिडातील मॅकडिल तळाऐवजी जवळच्या पीटर ओ. नाइट या लहान विमानतळावर उतरले. तेथील पट्टी सुमारे १,०९० मीटरची, म्हणजे जुहूपेक्षाही थोडी आखूड. विमानात जनरल जेम्स मॅटिस होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये बोइंगचे सुटे भाग वाहून नेणारे रूपांतरित ७४७ विमान कॅन्सस राज्यातील विचिटा येथे मॅककॉनेल तळाऐवजी जबारा विमानतळाच्या सुमारे १,८६० मीटर पट्टीवर रात्री उतरले व दुसऱ्या दिवशी तेथून उडाले. नियंत्रकांशी झालेल्या संभाषणात आपण नेमके कोठे उतरलो हे वैमानिकांना बराच वेळ उमगत नव्हते.

तिसरी घटना १२ जानेवारी २०१४ ची. साउथवेस्ट एअरलाइन्सचे उड्डाण ४०१३ मिझुरी राज्यातील ब्रॅन्सनऐवजी सुमारे अकरा किलोमीटर दूरच्या एका लहान विमानतळावर रात्री उतरले. तेथील धावपट्टी सुमारे १,१४० मीटर होती. हा आकडा जुहूच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. बोइंग ७३७ जोरदार ब्रेक लावून पट्टीच्या टोकाजवळ थांबले. पलीकडे उतार व महामार्ग होता. दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्यांच्या दिशांत केवळ वीस अंशांचा फरक होता. बेचाळीस वर्षांच्या अंतराने, उपग्रह-दिशादर्शन आलेले असताना, तीच लांबी आणि तीच चूक पुन्हा समोर आली. जुहूला विमान थांबले नाही, येथे थांबले, एवढाच फरक.

चूक दरवेळी वैमानिकाचीच असते असेही नाही. ५ सप्टेंबर १९९५ रोजी डेट्रॉइटहून फ्रँकफर्टला निघालेले नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे डीसी-१० ब्रुसेल्सला उतरले. वाटेतील नियंत्रण केंद्राच्या नोंदीत गंतव्यस्थान चुकीचे बदलले गेले होते आणि पुढील नियंत्रक त्यानुसारच मार्ग देत राहिले. आसनांसमोरील नकाशावर विमान कोठे चालले आहे हे प्रवासी पाहत होते. अशा घटनेत देशच बदलला तरी पट्टी पुरेशी मोठी असल्याने धोका तुलनेने कमी असतो. याउलट तीन किलोमीटर दूरची लहान पट्टी अधिक घातक ठरते.

चुकीच्या धावपट्टीवर अवतरण

विमानतळ बरोबर, पण धावपट्टी किंवा तिचे टोक चुकीचे, हा याच चुकीचा निकटचा प्रकार होय. कोल्हापूर परिसराच्या सर्वांत जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी हैदराबादहून आलेल्या स्पाइसजेटच्या विमानाला सांबरा विमानतळावर २६ क्रमांकाच्या टोकाकडून उतरण्याची परवानगी होती. विमान ०८ च्या टोकाकडून, म्हणजे नेमक्या उलट दिशेने उतरले. अपाय झाला नाही. दोन्ही वैमानिकांना कामावरून दूर ठेवण्यात आले व प्रकरण चौकशीसाठी गेले. अशा अवतरणात समोरून उड्डाण करणारे विमान येण्याचा आणि मागून वारा असल्यास थांबण्याचे अंतर वाढण्याचा असा दुहेरी धोका असतो.

७ सप्टेंबर २०१८ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एअर इंडियाचे एअरबस ए३२० निओ मालदीवमधील माले येथे बांधकाम चालू असलेल्या धावपट्टीवर उतरले. विमानात १३६ जण होते. सर्व सुखरूप राहिले. नवी पट्टी जुन्या पट्टीला समांतर होती आणि वरून पाहता ताजी, रुंद व ठळक दिसत होती. ७ जुलै २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एअर कॅनडाचे विमान तर धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सी मार्गावर उतरू पाहत होते. त्या मार्गावर उड्डाणाच्या प्रतीक्षेत चार विमाने उभी होती. शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर घेण्यात आले.

प्रतिबंधक उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे स्वच्छ हवामानातही उपकरणांची साथ न सोडणे. आयएलएस ही यंत्रणा धावपट्टीच्या मध्यरेषेची व उताराची रेडिओ लहरींद्वारे दिशा दाखविते. प्रत्येक पट्टीची कंप्रता वेगळी असल्याने, ठरलेल्या पट्टीची कंप्रता लावून ठेवल्यास नजरेची चूक काट्यावर लगेच दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनापत्रकात याच गोष्टीवर भर दिला आहे. जवळजवळ विमानतळ असलेल्या ठिकाणी व रात्री विशेष सावध राहावे, आणि चाके टेकण्यापूर्वी नजरेने ओळखलेली पट्टी उपकरणांशी पडताळून पाहावी, असे ते सांगते. पुढील वर्षी याच मंडळाने नियंत्रकांबाबतही शिफारस केली. गंतव्यस्थानाशी गल्लत होऊ शकेल असे अन्य विमानतळ विमानाने ओलांडेपर्यंत त्याला उतरण्याची परवानगी देऊ नये, अशी ती शिफारस होती.

आधुनिक विमानांत, उतरू पाहत असलेल्या पट्टीचे नाव वा लांबी जुळत नसल्यास बोलून इशारा देणारी प्रणालीही बसविता येते. ती सर्व विमानांत नसते. छापील नकाशांवर शेजारच्या, गोंधळात टाकणाऱ्या विमानतळाची ठळक सूचना देण्याची पद्धत जुनी असून आजही चालू आहे.

भारतात अशी घटना घडल्यास तिची माहिती नागरी विमानवाहतूक महासंचालनालय व विमान अपघात तपास विभाग यांना द्यावी लागते. तपासाचा हेतू शिक्षा करणे हा नसून पुनरावृत्ती टाळणे हा असतो. परवान्यावरील कारवाई स्वतंत्रपणे होते.

महाराष्ट्र व गोव्यातील सद्यस्थिती

जुहूची धावपट्टी अजून वापरात आहे, मुख्यतः हेलिकॉप्टरसाठी. सांताक्रूझकडे येणारी विमाने आता प्रायः उपकरणांच्या आधारे, रडारच्या देखरेखीखाली येतात. त्यामुळे १९७२ सारखी घटना घडण्याची शक्यता फार कमी झाली आहे.

दरम्यान जवळजवळच्या विमानतळांच्या जोड्या वाढल्या आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी गोव्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. नव्या विमानतळांच्या पट्ट्या मोठ्या असल्याने तेथे चुकून उतरणाऱ्या विमानाला थांबण्यास जागा तरी पुरेल. जुहूसारख्या जोडीत तेवढीही सवलत नसते. गोव्यात गल्लत करण्याचा मान सध्या तरी वैमानिकांपेक्षा प्रवाशांकडे अधिक जातो. दाबोळीचे तिकीट घेऊन मोपाला पोहोचणे सहज घडू शकते, आणि कागल-कोल्हापूरकडून आंबोली घाटाने जाणाऱ्यास तर मोपा वाटेतच, अलीकडे लागते. दोन्ही विमानतळ एकाच राज्यात असले तरी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास रस्त्याने तासाहून अधिक वेळ लागतो.